माझं पान कुठलं?

कॉलेजातल्या मित्राचा फोन आला तेव्हा मागणी साधी होती. "ग्लस्टरचं एक मॅन्युअल करून दे. मराठीत. सगळं येऊ दे त्यात." मी पंप, कॉम्प्रेसर, पिठाच्या गिरण्या अशा यंत्रांची माहितीपुस्तकं लिहून पोट भरते. त्यामुळे 'सगळं येऊ दे' हे वाक्य कानावर पडलं की पोटात गोळा येतो. तरी हो म्हटलं. मित्र होता, आणि काम वेगळं होतं.

मित्र एका जुन्या ग्रंथालयाचे संगणक सांभाळतो. तिथे जुनी मासिकं स्कॅन करायचं काम गेली काही वर्षं चालू आहे. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), कॉम्प्रेस न करता, साधारण ४६ एमबीचं होतं. दोनशे पानांचा दिवाळी अंक म्हणजे नऊ जीबीच्या वर. एका डिस्कवर हे मावत नाही, आणि मावलं तरी एकाच डिस्कवर ठेवायची कोणाची छाती होत नाही. म्हणून मित्राने ग्लस्टरएफएस बसवलं. मुक्त स्रोत, फुकट, आणि अनेक यंत्रांतल्या डिस्का जोडून एकच मोठं फोल्डर दाखवणारं. त्याच्याकडे तीन यंत्रं आहेत. दोन बऱ्यापैकी सर्व्हर आणि तिसरा टेबलाखाली धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉप. त्या डेस्कटॉपचं महत्त्व मला पुढे कळलं.

पहिला आराखडा मी घरी बसून, चहाच्या दोन कपांत उरकला. ग्लस्टरचं मूळ इंग्रजी दस्तऐवजीकरण मार्कडाउनमध्ये लिहिलेलं, सगळ्यांना खुलं आहे. त्याची विषयवार मांडणी मी जवळजवळ तशीच उचलली. रचना, स्थापना, विश्वासू यंत्रांचा समूह, व्हॉल्यूमचे (म्हणजे त्या जोडून दिसणाऱ्या एका मोठ्या फोल्डरचे) प्रकार, व्हॉल्यूम वाढवणं, कमी करणं, कोटा, स्नॅपशॉट, दूरच्या ठिकाणी प्रत ठेवणं, अडचणी आणि उपाय. चौदा प्रकरणं. शेजारी पानांचा अंदाज: साठ-पासष्ट. एक्सेलमध्ये रंगही भरले. आराखडा इतका देखणा झाला होता की तो चुकीचा असेल अशी शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तो सगळ्यांसमोर ठेवला. सगळे म्हणजे तिघं. मित्र, संध्याकाळी सहा ते बारा बसणारा एक विद्यार्थी, आणि स्कॅनिंग करणाऱ्या काकू. काकू चौतीस वर्षं त्याच ग्रंथालयात आहेत, आधी देवघेव विभागात होत्या. त्यांनी कागद चष्म्यासमोर धरला, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "यात माझं पान कुठलं?"

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला काय लागतं त्यावर आहे."

"मला लागतं ते सांगते. फाइल ठेवली, ती दिसत नाही. हे कुठल्या पानावर?"

ते कुठल्याच पानावर नव्हतं. म्हणजे होतं, पण पाच प्रकरणांत विखुरलेलं. फाइल का दिसत नाही याचं उत्तर रचनेत थोडं, प्रतींच्या प्रकरणात थोडं, अडचणींत थोडं. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडेल अशी ती सोय होती.

मग मी आराखडा बाजूला ठेवून चार दिवस तिथेच जाऊन बसले. यंत्रांच्या खोलीच्या दाराशी दोरीला बांधलेली एक वही होती. शंभर पानी, कव्हरवर 'लाइट गेल्याची नोंद' असं लिहिलेलं. पुढे लाइटबरोबर बाकीचंही त्यातच लिहिलं जाऊ लागलं होतं. माझ्या कामाचं खरं साहित्य म्हणजे ही वही. तिच्यातल्या नोंदी अशा:

'रात्री ११.४०. फोल्डर उघडेना. दुसरे यंत्र बंद करून चालू केले. तरी उघडेना.'

'काही फाइली ० केबीच्या दिसतात. काकूंना विचारणे.'

'जागा कमी होती म्हणून जुने काढून टाकले. जागा वाढली नाही.'

'पेनड्राइव्हवरून थेट सर्व्हरवर टाकले. काकूंच्या कॉम्प्युटरवर येत नाही.'

पहिल्या नोंदीने माझा एक अख्खा दिवस खाल्ला. मी ग्लस्टरचा लॉग, म्हणजे ते आपल्या कामाची आपणच लिहितं ती नोंद, उघडून त्या रात्रीचे २३:४० शोधले. काही नाही. आजूबाजूचे तासही पाहिले. शांत. विद्यार्थ्याने वेळ चुकीची लिहिली असेल असं मनात धरून मी त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहिलंही. संध्याकाळी मित्र सहज बोलून गेला, "ग्लस्टर लॉग यूटीसीत लिहितं." यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ११.४० शोधायचे ते १८:१० ला. तिथे सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. मुलगा बरोबर होता, मी नाही. त्याला दुसऱ्या दिवशी सामोसा खाऊ घातला.

झालं होतं ते असं. पहिल्या सर्व्हरची नेटवर्कची केबल सैल झाली होती. यंत्र नीट बंद केलं तर जोडणी तिथल्या तिथे तुटते आणि बाकीच्यांना लगेच कळतं. केबल निघाली किंवा वीज झटक्यात गेली तर कळत नाही. तेव्हा फाइल मागणारा संगणक पलीकडून उत्तर येईल म्हणून वाट बघत राहतो. किती वेळ? ग्लस्टरमध्ये मुळात ठरवून दिलेला आकडा ४२ सेकंद आहे. तेवढा वेळ पडदा गोठतो. मग पहिल्याचा नाद सोडून दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर काम आपोआप सुरू होतं. कोणी काही करायची गरज नसते.

पण रात्री एकट्याने बसलेल्या माणसाला गोठलेल्या पडद्यासमोर बेचाळीस सेकंद फार वाटतात. मुलाने बहुधा अर्धा मिनिट वाट पाहिली, आणि उठून दुसरा, म्हणजे चांगला चाललेला सर्व्हर बंद करून चालू केला. आता दोन्ही प्रती नाहीत, उरला तो टेबलाखालचा डेस्कटॉप. त्याच्यावर फाइलींची फक्त नावं आणि त्यांच्याबद्दलची माहिती असते, मजकूर नसतो. दोन प्रतींत वाद झाला तर कोण बरोबर ते सांगण्यापुरता तो असतो. तिघांपैकी दोघं हजर नसले की व्हॉल्यूम लिहून घेत नाही, आणि घेत नाही तेच योग्य. थोडक्यात, सगळी यंत्रणा नेमकी जशी वागायला हवी तशीच वागली होती, आणि त्या मुलाला हे सांगणारी एकही ओळ त्या खोलीत नव्हती. माझ्या चौदा प्रकरणांत ती ओळ अकराव्या प्रकरणात, पर्यायांच्या कोष्टकात, खालून तिसरी आली असती.

त्या रात्री आराखडा फाडला. नवीन कागदावर प्रकरणांची यादी केली नाही. पाच रकाने आखले. कोण वाचतंय, किती वाजता, समोर काय दिसतंय, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. वहीतली एकेक नोंद एकेका ओळीत बसवत गेले. सदतीस नोंदींच्या अकरा ओळी झाल्या, कारण माणसं वेगवेगळ्या शब्दांत तीच तक्रार लिहितात.

शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरला, हे मला नवीन होतं. पंपाच्या पुस्तकात 'हे करू नका' अशा चौकटी असतात, पण त्या बहुतेक वकिलांच्या समाधानासाठी. इथे मात्र सगळा धोका त्या रकान्यातच होता. ग्लस्टरची एक गंमत आहे. प्रत्येक सर्व्हरवरच्या ज्या फोल्डरमध्ये ते माल ठेवतं, त्याला ब्रिक म्हणतात, आणि त्या फोल्डरमध्ये फाइली अख्ख्याच्या अख्ख्या, आपल्या नावांसकट दिसतात. त्यामुळे कोणालाही वाटतं, हे तर साधं फोल्डर आहे, टाकू इथेच. टाकलेलं त्या सर्व्हरवर दिसतं. पण ग्लस्टरच्या वाटेने न आल्यामुळे त्या फाइलीला ग्लस्टरचा ओळखक्रमांक नसतो, दुसऱ्या सर्व्हरवर प्रत जात नाही, आणि काकूंना ती धड दिसत नाही. उलट बाजूने, जागा करायला तिथून फाइल उडवली तर जागा मोकळी होत नाही, कारण आतल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये त्याच फाइलीची दुसरी हार्ड लिंक, म्हणजे त्याच मजकुराला दिलेलं दुसरं नाव, शिल्लक असते. वहीतल्या दोन नोंदींचं उत्तर एकच होतं: ब्रिकला हात लावू नका.

शून्य केबीच्या फाइलींचं कोडं मला फार आवडलं. ग्लस्टरकडे 'कुठली फाइल कुठे' याची मध्यवर्ती नोंदवही नाही. फाइलीच्या नावावर गणित करून ती कुठल्या ब्रिकवर हवी ते ठरतं. काकूंचं स्कॅनर पानाला आधी 'स्कॅन ००१' असं काहीतरी नाव देतं, मग काकू अंकाचं खरं नाव देतात. नाव बदललं की गणिताचं उत्तरही बदलू शकतं. पण ग्लस्टर ४६ एमबी उचलून लगेच इकडून तिकडे नेत नाही. नव्या जागी शून्य बाइटची एक फाइल ठेवतं, 'मी इथे नाही, तिकडे बघा' एवढं सांगणारी. काकूंना कधीच ती दिसत नाही. ब्रिकमध्ये डोकावणाऱ्यालाच दिसते, आणि तो घाबरतो, आणि घाबरून उडवतो. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या फडताळातली पाटी. पुस्तक बाहेर गेलं की त्या जागी पाटी ठेवायचो आम्ही." त्या पानाला मी तेच नाव दिलं: 'फडताळातली पाटी'.

शब्दांचा प्रश्न आला तो इथूनच. मित्राचं म्हणणं, सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत ठेव, नाहीतर आज्ञा टाइप करताना गोंधळ होईल. माझं म्हणणं, आज्ञा इंग्रजीतच राहू दे, पण पान वाचताना अर्थ कळला पाहिजे. एकेका शब्दावर बसलो. व्हॉल्यूमला मी आधी 'खंड' म्हटलं होतं. ग्रंथालयात! "खंड २ भरला" म्हणजे मासिकाचं दुसरं वर्ष बांधून झालं की डिस्क संपली? काकूंनी तो शब्द तिथेच मारला. व्हॉल्यूम तो व्हॉल्यूमच राहिला.

ब्रिकची मात्र 'वीट' झाली, आणि ती काकूंना पटली. "विठोबाला विटेवरून हलवू नका, एवढंच ना?" म्हणाल्या. एवढंच. हीलला मी 'दुरुस्ती' लिहिलं होतं. ते घातक ठरलं असतं. मागे पडलेली प्रत पुढे गेलेल्या प्रतीच्या बरोबरीला आणणं एवढंच ते काम. बिघडलेली डिस्क त्याने सुधारत नाही. 'दुरुस्ती चालू आहे' वाचून कोणी निर्धास्त झालं तर? शेवटी 'जुळणी' ठरलं. तिसऱ्या डेस्कटॉपला 'पंच'. आणि दोन प्रती वेगवेगळ्या बदलल्या जाऊन दोन्ही स्वतःलाच खरं म्हणू लागतात त्या अवस्थेला इंग्रजीत भयंकर शब्द आहे, मेंदू दुभंगल्यासारखा. विद्यार्थी म्हणाला, "ताई, साधं 'दुमत' लिहा की." इतका चपखल शब्द मला महिनाभर सुचला नसता.

मध्येच दस्तऐवजीकरणाच्या धंद्यातली माहीत असलेली चौकटही लावून पाहिली. डानिएले प्रोचीदा यांनी मांडलेली डायाटॅक्सिस नावाची पद्धत बरीच वापरली जाते. शिकवणारं लेखन, एखादं काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठीचं, आणि का ते समजावणारं, असे चार वेगळे प्रकार. ते एकमेकांत मिसळू नयेत. माझ्या पहिल्या आराखड्यात चारही एकाच भांड्यात ढवळले होते. आता संदर्भाचा भाग मी पूर्ण गाळला. पर्यायांची कोष्टकं मूळ इंग्रजीत आहेत आणि ती वाचणारा आमच्याकडे एकच माणूस, मित्र. शिकवणारा भागही गाळला, नवा माणूस येईल तेव्हा बघू. उरलं 'काय करायचं' आणि थोडंसं 'का'. मित्र नाराज झाला. चौदा प्रकरणांच्या आशेने त्याने वरच्यांना तसं सांगून ठेवलं होतं.

'का' एकाच ठिकाणी ठेवलं. मुलाचा प्रश्न होता, ४२ सेकंद फार आहेत तर ते पाच करून टाकू या का? रास्त प्रश्न. पण तसं केलं तर नेटवर्क क्षणभर अडखळलं तरी जोडण्या तुटणार, आणि तुटलेली जोडणी परत करताना उघड्या फाइली, कुलपं असं सगळं पुन्हा मांडावं लागतं, ते महाग. हे अर्ध्या पानात लिहिलं. नुसतं 'बदलू नका' लिहिलं असतं तर कोणीतरी एखाद्या रात्री बदललं असतंच.

आवृत्तीचा घोळ वेगळाच. मित्राच्या संग्रहात जुन्या लेखांची एक फाइल होती. त्यातल्या एकात मोठ्या फाइलींसाठी स्ट्राइप प्रकारचा, म्हणजे एकेका फाइलीचे तुकडे करून ते अनेक विटांवर पसरवणारा, व्हॉल्यूम करा असा सल्ला. हा प्रकार ग्लस्टरच्या सहाव्या आवृत्तीत काढूनच टाकला. आमच्याकडे अकरावी. म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीन गोष्टी ठेवायच्या ठरल्या: कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या तारखेला आणि कोणी हे खरोखर करून पाहिलं. न करून पाहिलेलं पान छापायचं नाही. या एका नियमाने आराखडा अकरा पानांवरून आठवर आला.

आणि मग तो प्रश्न, जो कोणीतरी विचारणारच होतं. ग्लस्टर रेड हॅटने २०११ मध्ये विकत घेतलं होतं. त्यावर आधारलेल्या त्यांच्या विकाऊ उत्पादनाचा आधारकाळ ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. मुक्त स्रोत प्रकल्प उघडा आहे, संहिता कोणालाही घेता येते, पण मागचा मोठा हात निघाला की चिंता वाटतेच. मित्र म्हणाला, "मग हे सगळं लिहिण्यात अर्थ आहे का?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. नंतर आराखड्यात नववं पान घातलं, 'बाहेर पडायचा रस्ता'. आमच्या व्हॉल्यूममध्ये फाइलींचे तुकडे होत नाहीत, विटेवर त्या अख्ख्या असतात, त्यामुळे उद्या ग्लस्टर सोडायचं झालं तर माउंट केलेल्या, म्हणजे काकू रोज उघडतात त्या, फोल्डरमधून नेहमीसारखी कॉपी करून सगळं बाहेर काढता येतं. आणि ग्लस्टर सुरूच होईना अशी वेळ आली तरी विटांवरचा माल वाचता येतो. फक्त त्या शून्य बाइटच्या पाट्या आणि ते लपवलेलं फोल्डर वगळायचं. वाचायला हरकत नाही, लिहायला आहे. 'विटेला हात लावू नका' या पहिल्या पानाशी हे भांडतं, म्हणून ते पान फक्त मित्राच्या नावावर ठेवलं.

आता माझी स्वतःची फजिती. नऊ पानं तयार झाली, पीडीएफ झालं, आणि मी ते कौतुकाने कुठे ठेवलं? ग्लस्टरच्या व्हॉल्यूमवर. 'मदत' नावाचं फोल्डर करून. फोल्डर उघडत नसेल तर काय करायचं हे सांगणारं पान, न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये. तीन दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी विद्यार्थ्याने अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, हे बंद असताना कसं वाचायचं?" त्याच दुपारी पानं छापून, लॅमिनेट करून यंत्रांच्या खोलीच्या दारावर आतून लावली. सर्वांत वर काकूंचं पान.

रविवारी चाचणी घेतली. ग्रंथालय बंद, आम्ही चौघंच. मित्राने पहिल्या सर्व्हरची केबल काढली. काकूंच्या हातात त्यांचं पान दिलं, आणि मी तोंडावर बोट ठेवून बसायचं असं ठरलं होतं. काकूंनी वाचलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. 'आधी ४२ सेकंद थांबा. काहीही बंद करू नका.' मग त्यांनी खोलीभर मान फिरवली. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. पडद्यावरचं घड्याळ गोठलेल्या खिडकीच्या मागे. काकूंनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसत होते. बेचाळीसला त्यांनी मान वर केली आणि फोल्डर उघडलंच नव्हतं. माझा जीव वरखाली. मी काही बोलले नाही. काकू घाईने मोजत होत्या, एवढंच. थोड्या वेळाने पडदा हलला, फाइल उघडली, आणि काकूंनी 'अगं बाई' म्हटलं.

केबल परत लावल्यावर जुळणीची यादी दिसली, त्यात चौदा फाइली. पानावर लिहिलं होतं तसं मुलाने काहीही केलं नाही. जुळणी करणारी प्रक्रिया आपणहून दर दहा मिनिटांनी फेरी मारते. यंत्र परत आल्याचं कळल्यावर ती त्याआधीच कामाला लागली होती. आम्ही खाली जाऊन चहा घेतला. वर आलो तेव्हा यादी शून्य.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दारावरच्या पानावर काळ्या स्केचपेनने फेरफार झालेला होता. '४२ सेकंद' खोडून वर लिहिलं होतं: 'शंभर आकडे सावकाश मोजा.' आणि शेजारी भिंतीवर एक घड्याळही आलं होतं, देवघेव विभागातून उचलून आणलेलं, पाच मिनिटं पुढे.

"पीडीएफमध्ये पण बदलू का?" मी विचारलं.

"बदल ना," काकू म्हणाल्या. "आणि खाली माझं नाव घाल. करून पाहिलंय मी."